नववीचा वर्ग, आठ मोबाइल: फोटोग्राफी शिकवण्याआधीची तयारी

पहिल्या वर्षी मी स्वतःचा डीएसएलआर गळ्यात अडकवून नववीच्या वर्गात गेले आणि फळ्यावर अॅपर्चर (उजेड आत येतो ते भोक), शटर (ते किती वेळ उघडं राहतं), आयएसओ (उजेड किती चटकन टिपला जातो) असा त्रिकोण काढला. बत्तीस मुलं, एक कॅमेरा. प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट आलं, मागच्या बाकांवर फुल्ली-गोळा रंगला, आणि तास संपता संपता एका मुलीने विचारलं, "बाई, पण फोटो आत येतो कुठून?" माझ्या त्रिकोणात त्याचं उत्तर नव्हतं. तेव्हापासून जुलै लागला की मी वहीत ही यादी काढते. कॅमेरा तिच्यात बराच खाली येतो.

सगळ्यात आधी कॅलेंडर. १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये दागेरोटाइपची, म्हणजे फोटो काढायच्या सुरुवातीच्या एका पद्धतीची, कृती सगळ्यांसाठी खुली झाली. मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन त्या दिवशी धरायचं आणि तिथून मागे चार शनिवार मोजायचे. शनिवार अशासाठी की शाळा सकाळची असते आणि साडेसात-आठचा उजेड तिरका, मऊ मिळतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मिरज-कोल्हापूर भागात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी काढलेल्या फोटोत प्रत्येकाच्या डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखं दिसतं. ऑगस्टच्या पुढे ढकलायचा विचारही करू नका. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा तोंडावर आल्या की कलाशिक्षकाला चहा प्यायलाही सवड नसते.

पावसाचं काय, हा प्रश्न येणारच. ढगाळ उजेड चेहऱ्यांसाठी फार चांगला, त्यामुळे बाहेर फिरायच्या दिवशी नुसतं आभाळ भरून आलं तर बेत रद्द करू नका. एका प्रयोगाला मात्र कडक ऊन लागतं, तो खाली सांगते. त्याच्यासाठी वार ठरवू नका. गणिताच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांशी आधीच बोलून ठेवा की ऊन पडेल त्या दिवशी एक तास बदलून द्याल का. श्रावणात ऊन वेळापत्रक बघून पडत नाही.

मग परवानग्या. शाळेत मोबाइलला बंदी असते आणि ती असायलाच हवी, म्हणून मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घ्या: कोणते दिवस, किती फोन, वर्गाबाहेर कुठे. 'फोटो काढणं हा काय अभ्यास आहे का' असं कुणी म्हणालंच तर सांगा की मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग १८५५ साली सुरू झाला होता. आमच्या हेडसरांना हे एवढं पटलं की ते आता पाहुण्यांना स्वतःच सांगतात. पालकांच्या संमतीपत्रावर दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा: पाल्याचा चेहरा असलेला फोटो शाळेतल्या प्रदर्शनात लावला तर चालेल का, आणि तो समाजमाध्यमांवर टाकला तर चालेल का. दुसऱ्याचं उत्तर काहीही आलं तरी मी एकही फोटो टाकत नाही. त्या प्रश्नाचा उपयोग एवढाच की पालक क्षणभर थांबून विचार करतात. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करायचं हेही इथेच लिहून ठेवा, नाहीतर फोटोच्या पोटात घराचा पत्ता जातो.

फोन मोजताना 'कुणाकडे मोबाइल आहे, हात वर करा' असं वर्गात कधीही विचारू नका. ज्यांचे हात खाली राहतात त्यांची ती यादी होते. मी पालकसभेत विचारते: शनिवारी सकाळी कोण फोन देऊ शकेल? बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो आईबरोबर किंवा बाबांबरोबर कामावर जातो. मला दर वर्षी सात-आठ फोन मिळतात. तेवढे पुरतात, उलट कमी असलेलेच बरे. चौघांचा एक गट. एकाच्या हातात फोन, दुसऱ्याच्या हातात पांढरा पुठ्ठा, तिसऱ्याकडे वही, आणि चौथ्याने ज्याचा फोटो काढायचा त्याच्याशी बोलायचं. दर पंधरा मिनिटांनी कामं बदलायची. पांढरा पुठ्ठा म्हणजे सावलीच्या बाजूला धरून उजेड परतवायला, चार्टपेपर चिकटवलेला खोका चालतो. वहीत उजेड कुठून येतोय आणि आपण कुठे उभे आहोत एवढंच लिहायचं. आदल्या दिवशी सगळ्या फोनची लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर तेलाचे ठसे असतात, आणि मुलं धुरकट फोटोचा दोष फोनच्या किमतीला देतात.

ब्युटी मोड बंद करणं हे वेगळं काम म्हणून लिहा. काही फोन न विचारता मुलांना गोरं करून टाकतात. तो बंद केल्यावर वर्गात थोडा वेळ कुरकुर होते. होऊ द्या.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे अंधारी खोली. कडक ऊन लागणारा प्रयोग तो हाच. माझ्या यादीतलं सगळ्यात मोठं काम हेच आणि यात हयगय केली तर पुढचं सगळं कोरडं जातं. मुलांनी पुस्तकात 'सूचिछिद्र प्रतिमाग्राहक' वाचलेलं असतं, व्याख्याही पाठ असते, पण त्याच्या आत कुणी बसलेलं नसतं. कमी खिडक्यांची आणि मैदानाकडे तोंड असलेली एक खोली निवडा. आमच्याकडे ती विज्ञानाची प्रयोगशाळा. काळे कार्डशीट दहा-बारा, रुंद चिकटपट्टीचे दोन रोल, दाराच्या फटीसाठी जुनी चादर, झडपांवर टाकायला ताडपत्री. हे सगळं आधीच एखाद्या दिवशी शाळा सुटल्यावर लावून ठेवायचं. शिपाईमामांना सोबत घ्या, शिडी त्यांच्याच ताब्यात असते. खोलीत उभं राहून पाच मिनिटं थांबा, म्हणजे डोळे सरावल्यावर राहिलेल्या फटी दिसतात. मैदानाकडच्या खिडकीवरच्या कागदाला रुपयाच्या नाण्याहून थोडं लहान भोक पाडा आणि त्यावर काळ्या कागदाची झाकणी लावून ठेवा. समोरची भिंत पांढरी नसेल तर चादर टांगा.

ऊन पडेल त्या दिवशी मुलांना आत बसवायचं, दार बंद, झाकणी काढायची आणि गप्प राहायचं. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मुलं एकमेकांना चिमटे काढतात. मग हळूहळू चादरीवर कडुनिंबाचं झाड उलटं लटकायला लागतं. ध्वजस्तंभ खाली टोक करून उभा, आकाश जमिनीवर. दोघांना आधीच बाहेर पाठवून ठेवा आणि मैदानातून पळायला सांगा. ती छताच्या बाजूने डोकं खाली करून पळताना दिसली की जो ओरडा होतो तो शेजारच्या वर्गाला ऐकू जातो, म्हणून त्या शिक्षकांनाही कल्पना देऊन ठेवा. ओरडा संपला की त्याच भोकावर पेन्सिलीएवढ्या छिद्राचा कागद चिकटवा. चित्र रेखीव होतं, पण अंधूक. परत मोठं करा, उजळतं, पण कडा पसरतात. अॅपर्चरचा धडा इथे झाला, फळ्याकडे न जाता. चादर पुढे-मागे सरकवली की चित्र लहान-मोठं होतं, तेही करून दाखवा. वेळ एक तास धरा, अर्ध्या तासात आटपत नाही.

हाच प्रयोग हातात घेऊन बघायला प्रत्येक गटाला बुटाचा एक खोका लागतो. एका टोकाला चौकोन कापून त्यावर फॉइल, फॉइलला टाचणीचं नुसतं टोक टेकवून छिद्र, आत दहा-बारा सेंटिमीटरवर बटर पेपरचा पडदा. छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवं. मुलं टाचणी आरपार घालतात, म्हणून फॉइलचे जास्तीचे तुकडे ठेवा. खोक्यातून सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे तीन वेळा सांगायचं.

शटरसाठी वेगळं सामान लागत नाही, वर्गात पंखा असतो. फोनच्या प्रो मोडमध्ये (जिथे कॅमेऱ्याची सेटिंग आपल्याला बदलता येतात) शटर एक हजारांश सेकंदावर ठेवलं की फिरती पाती थिजतात, पंधरांशावर ठेवलं की त्यांची चकती होते. आठपैकी निदान दोन फोनमध्ये प्रो मोड आहे का, एवढं आधी तपासा. बहुतेक फोनमध्ये अॅपर्चर बदलता येत नाही हेही मुलांना सांगून टाका, नाहीतर ती ते बटण शोधत बसतात. वीज गेली तर? जाळीच्या दारातून धावणारा मुलगा चालतो, आणि तो तर हजर असतोच.

एक बिनसिमचा, काच तडकलेला फोन शिल्लक असेल तर कुंडीत वाटाणे पेरून तो समोर बांधून ठेवा, दर तासाला एक फोटो. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढायच्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच टप्प्याटप्प्याने टिपली होती. पंधरा दिवसांनी ते फोटो सलग पळवायचे. पाणी कोण घालणार तेवढं ठरवा.

दाखवायचे फोटो कमी ठेवा. मी होमाई व्यारावालांचे पाचच दाखवते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापून येत. हे सांगितल्यावर मुली आपसूक विचारतात की प्रदर्शनात आमचं नाव लागणार का. लागणार, आणि त्याच्या चिठ्ठ्या तयारीतच करून ठेवायच्या.

आता बाहेर पडायचा शनिवार. आमची शाळा मिरजेत, म्हणून आम्ही सतारमेकर गल्लीत जातो. तुमच्या गावात कुंभारवाडा असेल, कासारआळी असेल, लोहाराची भट्टी असेल, तिथे जा. फक्त असं ठिकाण निवडा जिथे माणसं हाताने काहीतरी घडवतायत आणि दार रस्त्याकडे उघडं आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मुलांना ते सामान्यज्ञानासाठी पाठ असतं, पण दुकानात पाऊल टाकलेली मुलं दोन-तीनच निघतात. पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे छताला टांगलेले असतात, लाकडाचा भुसा हवेत असतो, पॉलिशचा वास असतो. उजेड येतो तो एकाच बाजूने, दारातून. शिक्षकाला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही: दाराकडे पाठ करून काढलात तर चेहरा सपाट येतो, दाराकडे तोंड करून काढलात तर कारागीर काळी आकृती होतो, आणि आडवं उभं राहिलात तर भोपळ्याची गोलाई हाताला लागेल अशी येते. तिन्ही जागी उभं राहून एकेक काढायचा, हा गृहपाठ.

पण त्याआधी मी एकटी दोनदा जाऊन येते. एकदा विचारायला, एकदा वेळ पक्की करायला. एका वेळी एका दुकानात एकच गट, फ्लॅश बंद, कुणालाही 'इकडे बघा, हसा' म्हणायचं नाही. जवारी काढत असतील, म्हणजे तारांखालची घोडी घासून स्वराची गुंज साधत असतील, तर बोलायचंही नाही, ते काम कानाचं आहे. पहिल्या वेळी मी बत्तीस मुलं एकदम गल्लीत सोडली आणि एक वृद्ध कारागीर काही न बोलता घोडी आणि कानस गुंडाळून आत निघून गेले. मी माफी मागितली. पुढच्या वर्षी त्यांनीच आम्हाला आधी बोलावलं, पण तो दिवस आठवला की अजून कान गरम होतात.

बाहेर निघताना प्रत्येकाला बाराच फोटो. जुन्या रोलला छत्तीस मिळायचे, मी तेही कापले. वहीवर बारा चौकोन आखून द्या, फोटो काढला की चौकोनावर फुली. फोटो डिलीट करायला बंदी. हा नियम मुलांना जाच वाटतो आणि मला त्याच्याबद्दल अजिबात वाईट वाटत नाही. सातव्या-आठव्या फुलीनंतर ती फोन खाली धरून नुसती बघायला लागतात. त्यासाठीच तर सगळा खटाटोप.

परत आल्यावर फोटो लॅपटॉपवर घ्यायचे ते केबलने किंवा ओटीजी (फोनला थेट लागणाऱ्या) पेनड्राइव्हने. व्हॉट्सअॅपवरून मागवलेत तर बारीक होऊन येतात. तसंच करावं लागलं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. गटाप्रमाणे फोल्डर त्याच दिवशी करा, आणि फोन परत देण्याआधी त्यातले फोटो पुसले का ते स्वतः बघा.

निवडीला एक पूर्ण शनिवार लागतो. हा दिवस वाचवावा असं दर वर्षी वाटतं, वाचवू नका. बारांतले तीन प्रत्येकाने स्वतः निवडायचे, ते चार बाय सहाच्या मॅट प्रिंटवर काढायचे. शहाण्णव प्रिंट होतात, आमच्याकडे हजाराच्या आत बसतात. वर्गणी न काढता मी ते चित्रकलेच्या साहित्याच्या रकमेत बसवते. मग बाकं जोडून सगळे पसरायचे आणि प्रत्येकाचा एक ठरवायचा. 'छान' हा शब्द त्या दिवशी बंद. नजर आधी कुठे गेली ते सांगायचं. गेल्या वर्षी एका मुलाने सतारीचे अकरा फोटो काढले होते आणि बारावा चुकून निघालेला, दुकानाच्या उंबऱ्यावरच्या चपलांचा. वर्गाने तोच निवडला. तो रुसला, आणि प्रदर्शनात दिवसभर त्याच फोटोशेजारी उभा होता.

प्रदर्शनासाठी सुतळी, लाकडी चिमटे, राखाडी माउंट बोर्ड, नावाच्या चिठ्ठ्या आणि व्हरांड्याची अशी बाजू जिथे पावसाची झड येत नाही. उद्घाटनाला पाहुणे बोलवायचेच असतील तर गल्लीतल्या कारागिरांना बोलवा. दुकान सोडून येणं जमत नाही त्यांच्यासाठी आठ लिफाफे वेगळे ठेवा, प्रत्येकात त्यांच्या दुकानाच्या दोन प्रिंट, मागे मुलाचं नाव आणि तारीख. ते संध्याकाळी मुलांनीच नेऊन द्यायचे. गेल्या वर्षीच्या दोन प्रिंट एका दुकानात भोपळ्यांच्या वर खिळ्याला अडकवलेल्या दिसल्या, त्यामुळे या वर्षी लिफाफ्यात सुतळीचा तुकडाही टाकणार आहे.