पहिली दुर्बीण : दिवसा जुळवा, रात्री बघा

नवी दुर्बीण घरात आली की त्याच रात्री ती गच्चीवर जाते. सगळं घर भोवती जमतं, डोळा लावला जातो आणि दिसतो नुसता करडा अंधार. चार-पाच रात्री असं झालं की दुर्बीण कपाटावर चढते. सोलापुरात ओळखीच्या कितीतरी घरांत मी अशा दुर्बिणी पाहिल्या आहेत. खाली काढून तपासल्या तर बहुतेक वेळा त्या ठणठणीत निघाल्या. अंधारात, हातांना अजून ओळख नसलेले नॉब फिरवत आपण ती शिकायला बसतो, घोळ तिथे होतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिले दोन-तीन दिवस दुर्बीण उजेडातच वापरा.

त्याआधी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, बजावून सांगा. दुर्बिणीतून किंवा तिच्यावरच्या, नेम धरायच्या छोट्या फाइंडरमधून सूर्याकडे क्षणभरही बघायचं नाही. डोळा कायमचा जातो, आणि तो जाताना दुखतही नाही. आयपीसला, म्हणजे ज्याला डोळा लावतो त्या छोट्या भिंगाला, लावायचा काळा ‘सन फिल्टर’ सोबत मिळाला असेल तर तो फेकून द्या, कारण उन्हाने तापून तो बघता बघता तडकू शकतो. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य जवळपास डोक्यावर असतो, १२ मेच्या सुमारास तर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. त्यामुळे सराव सकाळी आठच्या आत आणि सूर्य पाठीशी ठेवून, म्हणजे पश्चिमेकडे बघत करा. दुपारी तशीही तापलेली हवा लहरत असते आणि दूरचं काहीच स्थिर दिसत नाही.

आता मांडणी. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवू नका. दुर्बीण जितकी बुटकी, तितकी ती कमी हलते. तुम्ही खुर्चीवर किंवा स्टुलावर बसा. ट्रायपॉडच्या मधोमध पिशवीत दोन विटा घालून टांगल्या की गच्चीवरच्या वाऱ्यातही चित्र थरथरत नाही. तोंडावरचं झाकण पूर्ण काढा. बऱ्याच झाकणांत मधे एक छोटं झाकण असतं, तेवढंच निघतं आणि मोठं तसंच राहतं. ‘काहीच दिसत नाही’ या तक्रारीचं हे फार नेहमीचं कारण आहे.

भिंगाची दुर्बीण असेल तर मागच्या बाजूला काटकोनात वळलेला तुकडा येतो, त्याला डायगोनल म्हणतात. तो लावल्याशिवाय आयपीस थेट नळीत घातला तर नॉब कितीही फिरवा, बऱ्याच दुर्बिणींत फोकस मिळतच नाही. सोबत बार्लो लेन्स, म्हणजे चित्र आणखी मोठं करणारं जादा भिंग, आली असेल तर ती महिनाभर डब्यातच राहू द्या.

आयपीस दोन मिळतात, बहुधा २५ आणि १० मिलिमीटरचे. सुरुवात नेहमी मोठ्या आकड्याने करायची. दुर्बिणीचं नाभीय अंतर (मुख्य भिंगापासून किंवा आरशापासून ताऱ्याचं चित्र जुळतं तिथवरचं अंतर) भागिले आयपीसचा आकडा, एवढंच गणित आहे. ७०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत २५चा आयपीस २८ पट मोठं दाखवतो आणि १०चा ७० पट. खोक्यावर पाचशे पटींचा आकडा छापलेला असेल तर तो मनातून काढून टाका. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुपटीच्या पुढे चित्र फक्त फुगतं आणि मळकट होतं. ७० मिलिमीटरच्या भिंगाला १४० पट ही हद्द झाली.

आता फोकस. दोन-तीन किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याची उंच टाकी निवडा. शेजारच्या घरावरची टाकी नको, आणि त्याला कारण आहे. वस्तू जितकी जवळ, तितका आयपीस बाहेर ओढावा लागतो. ७०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत तीस मीटरवरच्या टाकीसाठी तो ताऱ्यांच्या फोकसपेक्षा सुमारे १७ मिलिमीटर बाहेर येतो. दोन किलोमीटरवरच्या टॉवरसाठी हाच फरक पाव मिलिमीटर इतका किरकोळ राहतो. म्हणजे सकाळी टॉवरवर जमलेला फोकस रात्री ताऱ्यांना जवळपास तसाच चालतो.

नॉब फिरवून नळी पूर्ण आत घ्या आणि मग अगदी सावकाश बाहेर आणत जा. धुरकट डाग आकार घेऊ लागेल, टॉवरच्या पट्ट्या दिसू लागतील. चित्र स्वच्छ झालं तरी तिथे थांबू नका. किंचित पुढे जा, ते पुन्हा बिघडू द्या आणि मग मागे या. दोन्ही बाजूंचं बिघडणं पाहिल्याशिवाय मधला नेमका बिंदू कळत नाही, तंबोरा लावताना खुंटी पुढे-मागे करून स्वर सापडतो तसं. नॉब सोडल्यावर दोन सेकंद थांबून मगच निवाडा करा, कारण हाताच्या स्पर्शानेही चित्र हलतं. बिंदू सापडला की बाहेर आलेल्या नळीवर पेन्सिलने बारीक रेघ मारा. दुसऱ्या आयपीसची रेघ वेगळी येईल, तीही मारा. रात्री टॉर्चच्या उजेडात नळी त्या रेघेपर्यंत आणली की निम्मं काम झालेलं असतं.

टॉवर आयपीसच्या मधोमध असतानाच फाइंडर जुळवून टाका. दुर्बीण न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याची फुली, किंवा लाल ठिपका, टॉवरच्या त्याच टोकावर आणा. मग १०चा आयपीस लावून पुन्हा तपासा. हे नीट न करणाऱ्याला रात्री गुरू शोधायला तास लागतो. टॉवर उलटा दिसला तर घाबरू नका, आरशाच्या दुर्बिणीत तसाच दिसतो. भिंगाच्या दुर्बिणीत डायगोनलमुळे डावं-उजवं बदलतं. आकाशात त्याने काही बिघडत नाही.

पहिल्या रात्रीसाठी शुक्ल पक्षातली पंचमी ते दशमी यांतली एखादी संध्याकाळ निवडा. पौर्णिमेचा चंद्र नुसता झगझगीत आणि सपाट दिसतो. अष्टमीच्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात, आणि त्याच सीमेवर फोकस करायचा. विवराची कड सुरीच्या धारेसारखी दिसली की जमलं. पहिल्यांदा ते दिसतं तेव्हा माणूस आपोआप बोलायचं थांबतो, मी हे प्रत्येक वेळी पाहिलं आहे.

नंतर एखादा ठळक तारा घ्या, व्याध किंवा स्वाती. फोकस नसताना तो मोठी तबकडी होतो, आरशाच्या दुर्बिणीत तर मधे भोक असलेल्या मेदूवड्यासारखा दिसतो. ते भोक म्हणजे आतल्या छोट्या आरशाची सावली. नॉब फिरवत ती तबकडी लहान लहान करत न्या. तारा जिथे सगळ्यात बारीक बिंदू होतो, तोच फोकस. तारा कधीच ‘मोठा’ दिसत नाही. मोठा दिसला म्हणजे फोकस चुकला.

चित्र सतत एका बाजूला सरकत जाईल. तो दोष नाही, पृथ्वी फिरते आहे. ७० पटींवर एखादा ग्रह साधारण तीन मिनिटांत आयपीसच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो. त्याला मधे न आणता, तो ज्या कडेकडून आत येतो त्या कडेला आणून सोडा आणि मधे येईपर्यंत हात काढून बसा.

गुरूचे चार मोठे चंद्र २८ पटींतही दिसतात. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले. आज त्यांची जागा वहीत टिपा आणि उद्या पुन्हा बघा, ओळ बदललेली असेल. शनीला १०चा आयपीस लावा. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला नेमकी काठावरून दिसण्याच्या स्थितीत होती. आता ती वर्षागणिक उघडत चालली आहे. हिवाळ्यात मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला फिकट ताऱ्यांची छोटी ओळ असते. तिथला तेजोमेघ, म्हणजे चमकणारा वायूचा ढग, २५च्या आयपीसमधून बघा.

गच्चीवर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड डोळ्यात येत असेल तर डोक्यावरून आणि आयपीसवरून आपली सोलापुरी चादर घ्या. तिच्या जाड विणीतून उजेड येत नाही, आणि आतल्या अंधारात दहा-पंधरा मिनिटांनी डोळ्यांना बरंच जास्त दिसू लागतं. उन्हाळ्यात गच्ची दिवसभराची धग रात्री उशिरापर्यंत सोडत राहते आणि ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे थरथरतात. अशा वेळी फोकस पुन्हा पुन्हा फिरवू नका, मध्यरात्रीपर्यंत थांबा. मातीचं माळवद किंवा उघडं अंगण मिळालं तर सिमेंटच्या गच्चीपेक्षा बरं. दुर्बीणही घरातून काढून अर्धा तास बाहेर ठेवूनच वापरायला घ्या.

शहराबाहेर जायचं ठरलं तर आधी काय बघायचं ते ठरवा. हिप्परग्याचा तलाव शहराच्या उत्तरेला आहे, म्हणजे तिथून दक्षिणेकडे पाहिलं की सोलापूरचा उजेडच समोर येतो. अगस्तीचा तारा आपल्याकडून दक्षिण क्षितिजावर जेमतेम वीस अंश चढतो. तो किंवा मे महिन्यातल्या मध्यरात्री वृश्चिकाच्या नांगीजवळचे तारकागुच्छ बघायचे तर विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या बाजूला जा. शहराचा उजेड पाठीमागे राहतो.

पावसाळ्यात दुर्बीण कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, नाहीतर भिंगावर बुरशी धरते. धूळ बसली तर रबरी फुग्याने उडवा, फडक्याने पुसू नका.

आणि दुसऱ्याला दाखवताना फोकस आपल्या डोळ्याचा आहे, हे विसरू नका. जवळचा किंवा लांबचा चष्मा काढून ठेवला तरी नॉबने भरपाई होते. सिलिंडरचा (तिरकस दृष्टीदोषाचा) नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा राहू द्यावा लागतो. आजीला चंद्र दाखवत असाल तर तिला स्टुलावर नीट बसवा, तिचा हात धरून नॉबवर ठेवा आणि विवरं स्वच्छ दिसेपर्यंत तिलाच तो फिरवू द्या.