प्रतिपक्ष कागदपत्रे दडवत असेल तर : आदेश 11, नियम 21 चा अर्ज

दिवाणी दाव्यात प्रतिपक्ष हिशेबाच्या वह्या दाखवत नाही म्हणून थेट त्याचा बचाव रद्द करा, असा अर्ज पुष्कळ जण देतात आणि तो फेटाळला जातो. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 11, नियम 21 खालील शिक्षा कागद दडवल्याबद्दल नसून न्यायालयाचा हुकूम न पाळल्याबद्दल आहे. त्यामुळे आधी प्रश्नावलीची (प्रतिपक्षाला विचारलेल्या लेखी प्रश्नांची) उत्तरे, कागदपत्रांचे प्रकटीकरण (आपल्याकडे कोणते कागद आहेत हे शपथेवर सांगणे) किंवा त्यांची पाहणी यांपैकी जे हवे असेल त्याचा स्पष्ट हुकूम मिळवावा.

त्या पहिल्या अर्जातच सारी मेहनत करावी. ‘सर्व संबंधित कागदपत्रे’ असे मोघम लिहिल्यास ‘संबंधित काही नाही’ एवढ्या एका ओळीवर प्रतिपक्ष मोकळा होतो. ‘भागीदारी पेढीची 1 एप्रिल 2016 ते 31 मार्च 2019 या काळातील रोजकीर्द, खातेवही आणि चालू खात्याचे बँक उतारे’ असे लिहिले, तर पळवाट उरत नाही. हुकुमात पूर्ततेची तारीख घालून घ्यावी आणि ती उलटल्यावर पूर्तता झाली नसल्याची नोंद रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन कामकाजाच्या नोंदीत) येईल, हे स्वतः पाहावे.

त्यानंतर नियम 21 चा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा. प्रतिपक्षाला नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळणे बंधनकारक आहे. ‘बब्बर सोइंग मशीन’ प्रकरणात (1978) सर्वोच्च न्यायालयाने हा अखेरचा उपाय मानला असून कसूर हेतुपुरस्सर असावी लागते. एखादी तारीख चुकणे पुरत नाही, म्हणून मागून घेतलेल्या मुदती आणि दिलेली कारणे अर्जात तारीखवार मांडावीत.

अर्ज मंजूर झाल्यास प्रतिवादीचा बचाव रद्द होतो, तरीही वादीला आपला दावा पुराव्यानिशी शाबीत करावाच लागतो, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. वादीच कसूरदार असेल तर दावा काढून टाकला जातो आणि पोटनियम (2) मुळे त्याच कारणावरून नवा दावा लावता येत नाही. माझ्या मते हा फटका बचाव जाण्यापेक्षा जबर आहे.

वाणिज्यिक दाव्यांना 2015 च्या वाणिज्यिक न्यायालये कायद्याने आदेश 11 चे वेगळे रूप लागू आहे. तेथे वादपत्रासोबतच कागदपत्रे उघड करावी लागतात.

नियम 21 खालील हुकुमावर आदेश 43, नियम 1(च) खाली अपील चालते. त्याची मुदत जिल्हा न्यायालयात 30 आणि उच्च न्यायालयात 90 दिवसांची आहे.