फुलदाणीखालचं पांढरं कडं

१९६०च्या सुमाराचं, सागाच्या व्हिनिअरचं (वरून चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याचं) बुटकं कपाट माझ्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं. त्यावर त्याच काळातली मातीची फुलदाणी पाणी भरून ठेवली. आठवड्याने उचलली, तर खाली पांढरं कडं! बुडाला ग्लेझ (काचेसारखा लेप) नव्हतं, तिथून ओल झिरपली होती.

पॉलिश पेपर मुळीच लावला नाही. इतकं पातळ व्हिनिअर घासलं की खालचं लाकूड उघडं पडतं. डाग पांढरा, म्हणजे ओल वरच्या लॅकरमध्येच, लाकडावरच्या पारदर्शक लेपातच, अडकलेली. काळा असता तर ती लाकडात उतरलेली असती. कोरडं सुती कापड पसरलं, वाफ बंद करून कोमट इस्त्री दोन-तीन सेकंदच टेकवायची, उचलून बघायचं. सहाव्या खेपेला कडं विरलं. किती हायसं वाटलं! वरून मेणाचा पातळ हात दिला.

फुलदाणीत आता काचेचा ग्लास बसवलाय, पाणी त्यातच.