तुमच्या नावावर दुसऱ्याचं कर्ज निघालं तर: नाव सोडवा, पण कागद उधळू नका

वसुलीवाल्याचा फोन येतो. तो तुमचं पूर्ण नाव घेतो, पॅनचे शेवटचे आकडे म्हणून दाखवतो आणि कधी न घेतलेल्या कर्जाचे तीन हप्ते थकल्याचं ऐकवतो. यावर घाबरलेला माणूस हमखास एक चूक करतो. ‘तो मी नव्हेच’ हे पटवायला आधारचा फोटो काढून त्याच नंबरवर व्हॉट्सॲप करतो. जी वस्तू चोरीला गेली होती तीच आता आपल्या हाताने दिली, एवढाच त्याचा अर्थ.

या भानगडीतून नाव सोडवायचं म्हणजे आठ-दहा दारं वाजवावी लागतात: कर्ज देणारी कंपनी, पोलीस, सिबिल (कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी), बँक, कधी पतसंस्था. प्रत्येक जण कागद मागतो. नाव निस्तरेपर्यंत आधारच्या पंधरा-वीस झेरॉक्स सांगली-मिरजभर फिरलेल्या असतात. म्हणून घरी फाईल एकच ठेवा आणि प्रत्येक दाराला त्यातलं त्याच्यापुरतंच पान द्या.

फोनवर काय बोलायचं

विचारायचं ते तुम्ही. कंपनीचं नाव, कर्ज खातं क्रमांक, कर्ज दिल्याची तारीख आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल, एवढं लिहून घ्या. जन्मतारीखसुद्धा सांगू नका. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत करता येतात. त्याबाहेर आलेल्या फोनचे स्क्रीनशॉट ठेवा. ‘एक हप्ता भरा, मग बघू’ याला अजिबात भुलू नका. एक हप्ता भरला की कर्ज मान्य केल्यासारखं होतं, आणि तडजोड करून बंद केलं तर सिबिलवर ‘सेटल्ड’चा डाग राहतो.

खात्यातून पैसेच गेले असतील तर मात्र बाकी सगळं बाजूला ठेवून आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन लावा. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी असू द्या. चोरलेले पैसे काही तासांत तीन-चार खाती फिरून निघून जातात, त्यामुळे इथे उशीर महागात पडतो. त्याच दिवशी बँकेलाही लेखी कळवा. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच उद्योग केलाय, अशा प्रकरणात ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे.

मग दारं बंद करा

आधार क्रमांक सहसा बदलून मिळत नाही, पॅनही नाही. त्यामुळे कुलूप लावणं एवढंच हातात राहतं.

मायआधार संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करा. खरेदीखताच्या दस्तावर अंगठे असतात, त्यांची नक्कल करून आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारातून पैसे काढण्याचे प्रकार देशात घडले आहेत; लॉक असेल तर तो अंगठा चालत नाही. अडचण एकच: रेशन दुकानात तुमचाही चालत नाही. मशीनसमोर उभं राहून ‘अंगठा लागेना’ म्हणण्याआधी मोबाईलवरून तात्पुरतं अनलॉक करा, दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होतं.

तिथेच प्रमाणीकरणाचा इतिहास दिसतो. तुमचं आधार कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, ओटीपीने की बोटाने पडताळलं, ते त्यात येतं. मागच्या ६ महिन्यांचंच दिसतं, तेही एका वेळी ५० नोंदी. म्हणून आजच उतरवून घ्या, पुढच्या महिन्यात नेमकी हवी ती ओळ गेलेली असेल.

संचार साथी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर ‘माझा नंबर नाही’ हा पर्याय निवडा. नंबर तुमचाच आहे पण आता नको, यासाठीचा पर्याय वेगळा आहे. घाईत दोन्हींची गल्लत होते आणि मग फसवणुकीची नोंदच राहत नाही.

पॅनसाठी आयकर संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण उघडा, त्यात अनोळखी व्यवहार आहे का बघा. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून शोध घ्या. तुमच्या पॅनवर कुणी फर्म काढून बसलं असेल तर तिथे नोंदणी क्रमांक दिसतो.

क्रेडिट रिपोर्ट: सगळ्यात वर काय बघायचं

ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, कारण एखाद्या कर्जाची नोंद एकीकडे दिसते, दुसरीकडे नाही. रिपोर्ट थेट त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. ‘फुकट स्कोअर’ दाखवणाऱ्या ॲपला पॅन दिला की चार दिवसांत कर्जाचे फोन सुरू होतात.

लोक सरळ कर्जांच्या यादीकडे जातात. आधी संपर्काची माहिती वाचा. तिथे तुमच्या नंबराखाली एखादा परका मोबाईल, कधी न पाहिलेला ईमेल किंवा परगावचा पत्ता बसलेला असू शकतो. तुमचा रिपोर्ट कुणी बँकेने उघडला की सूचना पाठवणं या कंपन्यांना आता बंधनकारक आहे, पण नोंदीत नंबर चोराचा असेल तर ती सूचना त्यालाच जाणार. कर्ज खोडलं आणि हा नंबर तसाच राहिला, तर पुढचं कर्ज निघाल्याचंही तुम्हाला कळणार नाही.

त्यानंतर कर्जं, आणि शेवटी चौकशांची यादी, म्हणजे कर्जाच्या अर्जावरून कुणी तुमचा रिपोर्ट मागवला त्या नोंदी. नामंजूर झालेल्या अर्जांचीही चौकशी तिथे राहते. तीही खोडायला सांगा, नाहीतर स्कोअर खालीच राहतो.

कंपनीला पत्र

ईमेलने लिहा, या कामापुरता नवा ईमेल उघडून. मजकूर साधारण असा:

‘कर्ज खातं क्र. ___ मी घेतलेलं नाही. अर्ज, त्यासोबतची केवायसी कागदपत्रं व फोटो, अर्जातला मोबाईल, आणि रक्कम जमा झालेल्या खात्याच्या बँकेचं नाव व शेवटचे चार आकडे मला कळवावेत. अर्ज ज्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आला त्याची नोंद तपासासाठी जपून ठेवावी. वाद सुटेपर्यंत वसुली थांबवावी.’

यात ताकदीचा मुद्दा खात्याचा आहे. ॲपवरून दिलेलं कर्ज एरवी थेट कर्जदाराच्याच खात्यात गेलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रक्कम गेलेलं खातं तुमचं नसेल, तर आता उत्तर कंपनीने द्यायचं. आयपी पत्ता ते तुम्हाला बहुतेक देणार नाहीत. हरकत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस तो मागवू शकतात. तोवर तो पुसला जाऊ नये, एवढ्यासाठी ते वाक्य.

सोबत द्यायचं ते मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बँक पासबुकाचं पहिलं पान देऊ नका, कुणी मागितलं तर कशासाठी ते लेखी मागा. आकडे खोडताना फोनमधलं हायलायटर वापरू नका, ब्राइटनेस वाढवला की खालचं वाचता येतं. भरीव काळा चौकोन टाका आणि त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. कागदावर मार्कर मारला असेल तर तो उजेडात धरून बघा, आकडे दिसणारच. त्याची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्या.

पोलीस ठाणं

सायबरक्राइम पोर्टलवर केलेली तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. बँका आणि सिबिल बहुधा एफआयआरच धरतात. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. तोतयेगिरीने फसवणूक म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ लागतं. ‘आमची हद्द नाही’ असं म्हणून परत पाठवता येत नाही, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. ठाण्यात घेतलाच नाही, तर तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. सांगलीत ते कार्यालय विश्रामबागेत आहे.

आता लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे, संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढतो. म्हणजे फिर्यादीत तुम्ही आधार, पॅन, खातं क्रमांक असं सगळं लिहिलंत, तर ते कुणालाही उतरवता येईल. फिर्यादीत फक्त शेवटचे चार आकडे लिहायला लावा आणि ‘पूर्ण तपशील सोबतच्या परिशिष्टात’ असं वाक्य घाला. परिशिष्ट वेगळ्या कागदावर, सहीनिशी. सही करण्याआधी टाइप झालेला मजकूर वाचा; ठाणे अंमलदार सवयीने पूर्ण नंबर घालतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

दुरुस्ती आणि घड्याळ

एफआयआर घेऊन क्रेडिट कंपनीकडे ऑनलाइन वाद नोंदवा, एका कर्जाला एक वाद. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली पाहिजे, त्यातले २१ दिवस बँकेकडे उत्तर द्यायला. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटण्यासारखं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. क्रेडिट कंपन्याही त्यांच्या कक्षेत येतात. तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे आणि पॅन दिले, तर त्याच भानगडीची पुढची फेरी सुरू होते.

पतसंस्थेचं वेगळं आहे

आपल्याकडे हा भाग सोडून चालत नाही. गावोगावच्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाहीत, त्यांच्यावर सहकार खात्याची देखरेख असते. त्यांचं कर्ज बहुधा सिबिलच्या रिपोर्टवरही दिसत नाही. जुन्या झेरॉक्सवर तुम्हाला जामीनदार करून ठेवलं असेल, तर ते थेट महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ च्या (थकबाकी वसुलीच्या) नोटिशीने कळतं. ती पाकिटासकट ठेवा आणि निबंधकांपुढच्या तारखेला हजर राहून ‘सही माझी नाही’ हे लेखी द्या, मूळ कर्जरोखा आणि जामीनपत्र दाखवायची मागणी करा. ‘आपण कर्ज घेतलंच नाही, जायचं कशाला’ म्हणून घरी बसलात आणि वसुली दाखला निघाला, तर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायला आधी थकबाकीच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते. खोट्या सहीपायी लाखभर रुपये अडकवण्यापेक्षा एक दिवस रजा टाकलेली परवडते.

फिरलेल्या प्रती

इथून पुढे देताना झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘फक्त अमुक कामासाठी’, तारीख, सही, फोटोवरून आणि आकड्यांवरून जाईल असं. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

तहसील कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्स दुकानात व्हॉट्सॲपने फाईल पाठवलीत, तर ती दुकानदाराच्या फोनमध्ये आणि संगणकाच्या डाउनलोडमध्ये राहते. तिथे शे-दोनशे लोकांची आधारं नावासकट पडलेली असतात. दुकानदार वाईट असतो असं नाही, गिऱ्हाइकांच्या गर्दीत पुसायला त्याला वेळ नसतो. पेनड्राइव्ह नेलात तर उत्तम. नाहीतर प्रिंट हातात आल्यावर काउंटर सोडण्याआधी ‘दादा, तेवढी फाईल काढून टाका’ म्हणा आणि डाउनलोड, रिसायकल बिन, व्हॉट्सॲप, तिन्हीकडून गेल्याचं स्वतः बघा.