स्मृती पुरस्कारासाठी अर्ज करताना

पाश्चात्त्य शास्त्रीय ऑर्केस्ट्राचं शिक्षण घेताना फी भरली म्हणजे झालं, असं नसतं. तारा बदलाव्या लागतात, गजाचे केस नव्याने बसवून घ्यावे लागतात, आणि ऑडिशन परगावी असली तर विमानात चेलोसाठी (व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) वेगळी सीट घ्यावी लागते. मोठ्या शिष्यवृत्त्या बहुतेक वेळा फीपाशीच थांबतात. कुणाच्या तरी स्मृतीसाठी ठेवलेले छोटे पुरस्कार मात्र अशा खर्चालाही पुष्कळदा हातभार लावतात. माझा ऑडिशनचा प्रवास अशाच एका पुरस्कारावर झाला, म्हणून हे लिहितेय.

पुरस्कार ज्यांच्या नावाने आहे, त्यांच्याविषयी आधी वाचा. गिलेर्मिना सुजिया ही पोर्तुगीज चेलोवादक १९५० मध्ये वारली. तिच्या इच्छेनुसार तिचा स्ट्रॅडिव्हेरियस (स्ट्रॅडिव्हरी या नामांकित इटालियन कारागिराने घडवलेला) चेलो विकला गेला आणि त्या पैशातून तरुण चेलोवादकांसाठी पुरस्कार सुरू झाला. १९५६ मध्ये तो पुढे विख्यात चेलोवादक झालेल्या, तेव्हा अकरा वर्षांच्या जॅकलिन दु प्रेला मिळाला आणि चेलोशिक्षक विल्यम प्लीथ यांच्याकडच्या तिच्या शिक्षणाचा खर्च त्यातून निघाला. देणाऱ्याचा हेतू असा स्पष्ट असतो. कुठे तो एकाच वाद्यापुरता असतो, कुठे फक्त ऑर्केस्ट्रात वाजवू इच्छिणाऱ्यांसाठी. त्या हेतूत आपण बसत नसू, तर दुसरा पुरस्कार शोधावा.

पुरस्कार ऑर्केस्ट्रासाठी असेल, तर नुसता कन्चेर्टो (एकल वादकासाठीची रचना) वाजवून भागत नाही. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतल्या दुसऱ्या भागाची सुरुवात घ्या. व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं वाद्य) आणि चेलो एकच धून वाजवतात, खाली डबल बास (सर्वांत खालच्या सुरांचं तंतुवाद्य) गज न वापरता नुसत्या तारा छेडतात. लांब स्वरामागून येणारा तो छोटा स्वर जरा ढिला पडला की ठोक्याचे तीन समान तुकडे पडल्यासारखी सगळी ओळ घसरते. परीक्षकांना ते तालाच्या पहिल्या दोन मापांतच कळतं. म्हणून ओळ ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर अगदी संथ बसवा आणि सराव करताना मनात बासचे स्वर ऐका. एकटं वाजवतानाही शेजारी माणसं बसली आहेत असं वाटलं पाहिजे. माझ्या मते निवड इथेच होते.

रेकॉर्डिंग सलग, काटछाट न केलेलं ठेवा; दोन्ही हात दिसू द्या. शिफारसपत्र वर्गात रोज ऐकणाऱ्या शिक्षकांकडूनच घ्या, आणि त्यांना पुरेसे दिवस आधी सांगा. नामवंत वादकाच्या दोन गुळगुळीत ओळींपेक्षा ते फार उपयोगी पडतं.

खर्चाच्या रकान्यात ‘शिक्षणासाठी मदत’ असं मोघम लिहू नका. कुठली ऑडिशन, किती तास शिकवणी, तारांचा कुठला संच, ते मांडा. पुरस्कार मिळाल्यावर त्या पैशातून काय झालं हे कुटुंबाला किंवा विश्वस्तांना सविस्तर कळवा. माणूस गमावलेल्या घराला त्या पत्राचं मोल फार असतं. काही पुरस्कार पुढच्या वर्षीही मागता येतात. दु प्रेला तो लागोपाठ काही वर्षं मिळत राहिला. तेव्हा नूतनीकरणाचा नियम पहिल्याच वर्षी वाचून ठेवा.