मुंबईच्या पावसात मुळं जगवायची तर

मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून. मृग लागला की गच्चीवर, गॅलरीत आणि तिकडे गोराई-मनोरीच्या वाड्यांत लावणीची घाई सुरू होते. बी-रोपांच्या मागे लागण्याआधी माती बघून घ्या. इथल्या पावसाळ्यात झाडं जातात ती बहुतेक वेळा मुळं गुदमरून.

चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा कणांची, निम्मी पोकळ्यांची. त्या पोकळ्यांत पाणीही लागतं आणि हवाही, कारण मुळं श्वास घेतात. जुलैत चार-चार दिवस झोडपून काढलं की सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. त्यामुळे चिखलात उभं असलेलं झाड माना टाकतं, आणि आपण वर आणखी एक तांब्या ओततो! आधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर पाणी बंद. शंका असेल तर रोप मातीच्या गड्ड्यासकट अलगद काढून पाहा. मुळं पांढरी, टणक असली तर ठीक. तपकिरी, लिबलिबीत आणि घाण वास येणारी असली तर कुज लागलीय.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्या, हा सल्ला अजून सर्रास ऐकू येतो. मला तो पटत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण चिंब झाल्यावरच सुटतं. म्हणजे तळाचा चिंब पट्टा जात नाही, उलट वर सरकून मुळांना भिडतो. भोकावर एक खापरी पुरे. निचरा हवा तर सगळ्या मातीतच भरड माल मिसळा: दोन भाग लाल माती, एक भाग मुरलेलं कंपोस्ट, एक भाग जाडी रेती किंवा भाताचं तूस. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाणी धरून ठेवतं, तेव्हा हात राखून. कुंड्या विटांवर चढवा आणि खालच्या ताटल्या काढाच. आठवडा-दहा दिवसांत त्यांत डास तयार होतात.

पावसात खालची जुनी पानं पिवळी पडू लागली तर बहुधा नत्र वाहून गेलंय. मातीचे कण नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) धरून ठेवत नाहीत, ते पाण्याबरोबर निघून जातं. म्हणून युरिया एकदम नको. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत बरं.

खाडीकाठच्या खारट जमिनीत पहिल्या सरींनी मीठ धुऊन जाऊ द्या, मग वीतभर उंच गादीवाफ्यांवर पेरा. चर उताराकडे काढा.

भेंडी, काकडी, शिराळी, पडवळ आत्ता लावा. वेलांचा मांडव आधी उभा करा. अळवाची काळजी नको, त्याच्या देठांतल्या पोकळ्यांतून हवा मुळांपर्यंत पोचते. मेथी-कोथिंबीर मात्र थांबू द्या. उघड्यावर टपोऱ्या थेंबांनी कोवळी रोपं आडवी होतात. पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर, त्यानंतरच पेरा.

गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन, हातमोजे घालून वेचा. मीठ मारायचंच असेल तर बादलीत; कुंडीत टाकलंत तर झाडही जाईल.