एकाच डिस्ट्रिक्टमधली सरकारी प्रीस्कूल्स पारखताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत डिसेंबर-जानेवारी आला की प्रीस्कूल निवडायची एक एक्सेल शीट तयार होते. डावीकडे आपल्या डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागातल्या, चार-पाच एलिमेंटरी शाळा, पुढे दहापैकी रेटिंग, मग घरापासूनचं अंतर. थोरलीच्या वेळी मीही अशीच शीट केली होती आणि आठ रेटिंगच्या शाळेसाठी जीव टाकला होता. धाकट्याच्या वेळेपर्यंत कळलं, की त्या आठाचा साडेतीन वर्षांच्या मुलाच्या दिवसाशी काहीच संबंध नाही.

रेटिंग पाहून क्रम लावणं

राज्यांच्या वार्षिक परीक्षा तिसरीपासून सुरू होतात; संघीय कायदा तिसरी ते आठवी अशा परीक्षा मागतो. एलिमेंटरी शाळेचं रेटिंग मुख्यतः त्याच गुणांवर उभं असतं. म्हणजे तो आकडा आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या वाचन-गणिताचा. प्रीस्कूलचा वर्ग त्या इमारतीत कित्येकदा एवढ्याचसाठी असतो, की तिथे एक खोली रिकामी होती. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या इमारतीत हलूही शकतो.

आणि परीक्षेचे गुण लहानपणच्या वर्गाचं मोल सांगतातच असंही नाही. बॉस्टनच्या सरकारी प्रीस्कूलमध्ये लॉटरीने जागा मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. शालेय परीक्षांत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, पण जागा मिळालेली मुलं हायस्कूलनंतर लगेच कॉलेजला जाण्याचं प्रमाण जास्त निघालं. उलट टेनेसीच्या प्री-केवरचा, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गावरचा, अभ्यास 2022 मध्ये आला, त्यात प्री-केला गेलेली मुलं सहावीपर्यंत इतरांच्या मागे पडलेली दिसली. दोन्हीकडे सरकारी प्री-केच. त्यामुळे पाटीवरच्या नावावर विसंबू नका, वर्गात काय चालतं ते बघा.

‘कोणती शाळा’ एवढंच विचारणं

सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये, कधीकधी एकाच कॉरिडॉरमध्ये, तीन वेगवेगळ्या खात्यांच्या पैशातून चालणारे वर्ग असतात आणि प्रत्येकाचे नियम निराळे. 1965 मध्ये सुरू झालेलं हेड स्टार्ट संघीय पैशातून, प्रामुख्याने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी चालतं. राज्याचं प्री-के वेगळं, स्पेशल एज्युकेशनचा वर्ग वेगळा. काही डिस्ट्रिक्ट उरलेल्या जागा फी घेऊन देतात, तो चौथा प्रकार.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. तिथे 2025-26 पासून 1 सप्टेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलाला ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे टीके, मोफत आहे, उत्पन्नाची अट नाही. त्यात दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस लागतं आणि शाळेतल्या टीके वर्गांची सरासरी 24 पर्यंत जाऊ शकते. राज्याच्या दुसऱ्या प्रीस्कूल योजनेत दर आठ मुलांमागे एक माणूस. हेड स्टार्टमध्ये चार वर्षांच्या मुलांचा वर्ग वीसच्या वर जात नाही, तीन वर्षांच्यांचा सतराच्या वर नाही. न्यू जर्सीत राज्याच्या पैशातला प्रीस्कूल वर्ग कमाल पंधरा मुलांचा, त्यांच्यासाठी एक शिक्षिका आणि एक मदतनीस. पंधरा मुलं आणि चोवीस मुलं हा फरक डबा उघडून द्यायला, बुटाची नाडी बांधायला, रडणाऱ्याला जवळ घ्यायला किती वेळ मिळतो यात दिसतो. म्हणून डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन केलात की आधी हे विचारा: हा वर्ग कोणत्या योजनेतला, पटावर कमाल किती मुलं आणि दिवसभर खोलीत किती माणसं?

स्पेशल एज्युकेशनचं नाव ऐकून मागे फिरणं

हे मला फार लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये मिश्र वर्ग असतात: काही मुलांकडे आयईपी, म्हणजे खास गरजांसाठी त्या मुलापुरती आखलेली शिक्षण-योजना, बाकीची त्यांच्या वयाची इतर मुलं. आपल्याकडचे पालक हे ऐकताच यादीतून तो वर्ग खोडतात. पण अशा वर्गांत बहुतेकदा मुलं कमी आणि माणसं जास्त असतात, स्पीच थेरपिस्ट तिथे नियमित येते, शिक्षिकेला वेगवेगळ्या गतीच्या मुलांना सांभाळण्याचं प्रशिक्षण असतं. धाकट्याला मी ज्या वर्गात घातलं तो असाच होता. ‘मला राग आलाय’ हे हात न उगारता सांगायला तो तिथे शिकला.

तुमचंच मूल उशिरा बोलत असेल तर ‘घरात दोन भाषा आहेत, म्हणून’ असं समजून थांबू नका. दोन भाषांमुळे बोलणं खुंटत नाही. मूल तीन वर्षांचं झालं असेल तर डिस्ट्रिक्टला लेखी कळवून तपासणी मागता येते. ती मोफत असते आणि त्यासाठी प्रीस्कूलमध्ये जागा मिळालेली असण्याची गरज नाही. तिनाच्या आत असेल तर राज्याचा अर्ली इंटरव्हेन्शन विभाग बघतो.

घरची भाषा लपवणं

प्रवेशाच्या कागदांत घरी कोणती भाषा बोलता हा प्रश्न असतो. ‘इंग्लिश लिहूया, नाहीतर कच्चा समजतील’ ही भीती मी कितीतरी आईवडिलांच्या तोंडून ऐकली आहे. खरं ते लिहा, मराठी लिहा. टेक्ससमध्ये तर इंग्रजी बोलता-समजता न येणारं मूल, घरचं उत्पन्न कितीही असो, मोफत प्री-केला पात्र ठरू शकतं. 2019 च्या कायद्यानंतर पात्र चार वर्षांच्या मुलांना तिथे पूर्ण दिवसाचं प्री-के द्यावं लागतं. एका चुकीच्या शब्दापायी ती जागा हातची जाते.

भिंती बघून परतणं

टूरला गेलात की भिंतीवरची चित्रं बघा, पण उलट्या नजरेने. वीसच्या वीस फुलपाखरं हुबेहूब सारखी असतील तर ती मोठ्यांनी कापलेली आहेत. मग गप्प उभं राहून ऐका. शिक्षिका नुसत्या सूचना देते आहे, की मुलाचं वाक्य पुढे नेते आहे? ‘मग काय झालं?’ ‘तुला असं का वाटलं?’ हे प्रश्न कानावर पडतात का? मोकळा खेळ किती वेळ, सलग की तुकड्यातुकड्यांत? अंगणात रोज जातात का? शू-शीच्या अपघाताला काय करतात? मदतनीस बाई किती वर्षं इथे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा अडखळला तर मी कान टवकारते, कारण मूल ज्या माणसाला बिलगतं ते माणूस टिकणं फार महत्त्वाचं.

काही ठिकाणी ‘क्लास’ नावाच्या निरीक्षणाचे गुण मिळतात, एक ते सातमध्ये. भावनिक आधार, वर्गाची घडी आणि शिकवण्यातली खोली असे तीन वेगळे गुण असतात. तिसरा गुण हेड स्टार्टमध्ये देशभरच कमी येतो, तेव्हा तिथे तीन दिसला म्हणून घाबरू नका. दोन वर्गांचा तोच एक गुण शेजारी ठेवून बघा.

वेळ, बस आणि झोन

अर्ध्या दिवसाचं प्रीस्कूल अडीच-तीन तासांत संपतं. दोघंही नोकरीला जात असाल तर उरलेल्या वेळेचं डे-केअर आणि मधली ने-आण धरूनच ‘मोफत’ या शब्दाचा हिशोब करा. मोठ्या मुलांना बस असली तरी प्रीस्कूलला असेलच असं नाही. आणि प्रीस्कूलची जागा मिळाली म्हणजे किंडरगार्टन तिथेच, हेही धरून चालू नका. ते बहुधा पत्त्यावरून ठरतं.

फॉर्मवर शक्कल लढवणं

न्यूयॉर्क शहरात प्री-केसाठी बारापर्यंत पर्याय क्रमाने देता येतात. ‘अवघड शाळा वर टाकली तर सोपीही जाईल’ या धास्तीने लोक क्रम फिरवतात. तिथे खाली टाकलेल्या पर्यायाची संधी वरच्यामुळे कमी होत नाही, आणि मुदतीच्या आत कधीही अर्ज केला तरी चालतं. तेव्हा मनातला खरा क्रमच लिहा. इतर डिस्ट्रिक्टमध्ये मात्र आधी येईल त्याला जागा असू शकते, म्हणून तिथली पद्धत आधीच विचारून घ्या. वयाची कट-ऑफ तारीखही बघा: कित्येक ठिकाणी ती 1 सप्टेंबर, न्यूयॉर्क शहरात 31 डिसेंबर.

वेटलिस्टवर असाल तर उन्हाळ्यात निराश होऊ नका. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत न आलेल्या मुलांच्या जागा रिकाम्या होतात. त्या दिवसांत अनोळखी नंबरचा फोनही उचला.